डाव्या हाताचा लाडू

— बरी हाय हो आता, बरी हाय, तुमी बसा आधी. नाही, आताच उठून बसली असं नाही, सकाळपासूनच जरा हलकं वाटून राह्यलं. कमरेचं असंच असते इहीनबाई, सोमवारी धरली अन् आज सोडली. उकंडरावनं काय सांगतलं तुमाले — सोजराबाई अंथरुणाले खिळली म्हणून? त्या मानसाजवळ एक निरोप द्या, तो चार करून सांगते. मी एवढंच म्हनलं होतं की कमरेनं हैराण हाय, आठ दिवस भामीले धाडून द्या, लेकीच्या हातची भाकर खाल्ली तर बरं वाटन. भामीले धाडा म्हनलं होतं. तर तुमी सोताच आल्या — आनंद झाला, लई आनंद झाला, लोणारहून साखरखेर्ड्यापर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी करत आल्या, इहीन असावी तर अशी. भामी घरीच राह्यली का? बरं. अन् जावईबापू, तुळशीराम? बरे हायत. बरं.

आता आल्या तर द्या हात इकडं. नाही कसं म्हनता — कासाराच्या घरून इहीन जुन्याच बांगड्यांनी परत गेली तर गाव मले नावं ठेवन. तुमच्या घरी तांब्या-पितळेची भांडी, आमच्या घरी काच, जात एकच पन तुमच्या मालाले ठोका लागते अन् आमच्या मालाले फुंकर. थांबा, पेटी काढते खाटेखालून. नाही, तुमी नका उठू, मीच ओढते — अगं बाई, हो, कंबर. ओढली गेली पाहा. उचलली बी गेली. तुमचा पायगुण, दुसरं काय.

हं, ढिला सोडा हात. अंगठ्याचं हाड कडक हाय तुमचं, घागरी उचलून उचलून झालं असन. मी मानसाच्या तोंडाकडं पाहतच नाही इहीनबाई, वीस वर्षं झाली, मी मनगट पाहते. तोंड हसून बोलते अन् मनगट खरं सांगते. कोनाचं घरात भांडण हाय, कोनाले सासू जेवू घालत नाही, कोन आज रडून आली — हात हातात आला की समजते मले. हा रंग पाहा, मोरपिशी. फिरोजाबादचा माल हाय, पन पोरी हिले हत्तीची बांगडी म्हनतेत. त्या हत्तीच्या खेळात रानी नाही का घालत, तवापासून डब्बेच्या डब्बे गेले. आता सिनेमात रंग कुठं असते, सगळं राखेवानी, पन मी म्हनलं मोरपिशी होती तर मोरपिशी झाली, कासारणीचा शब्द हाय. रानीच्या हातात अशा आठ हायत, अन् राजा तिले वनात धाडते तवा सहाच, अन् नदीवर रडत बसते तवा परत आठ. आता वनात तिले दोन बांगड्या कोनी भरल्या? सांगा ना. तिथं मी होती का टोपली घेऊन?

आखडला पाहा हात तुमी. नाही हो, मी नाही पाहत सिनेमे. तो बाजाराच्या मैदानात तंबू लागला हाय महिन्याभरापासून, मी आपली तंबूच्या तोंडाशी टोपली घेऊन बसते दिवे लागायच्या येळेले, बायाबापड्या येतेत, चार बांगड्या खपतेत. मंग आतलं कानावर पडते जरा. कानावरच पडते — असं काऊन पाहून राह्यल्या? कानानं बांगड्या कशा मोजल्या, असं म्हनता मनात. आता — जाऊ द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनतेत, पन मूठ तुमची माह्या हातात हाय अन् माही उघडी पडली. पाह्यले. अकरा पाह्यले. ह्या सालचे सात अन् मागच्या साली हिवाळ्यात तंबू आला होता तवाचे चार. काही काही दोन-दोनदा.

पन कसे पाह्यले ते तं ऐकून घ्या, मंग नावं ठेवा. आमच्या भगवानराव पाटलानं तंबूवाल्याले पयल्या दिवशीच ताकीद दिली, बाया अन् मानसं एका अंगाले बसनार नाहीत, बसले तर तंबू उठवतो. तर तो मशीनवाला गफ्फारभाई मोठा हुशार. त्यानं पडदा मधात टांगला, मानसं पुढच्या अंगाले अन् आमी बाया मागच्या अंगाले, चहूबाजूनं कनात. पडद्यावर बादलीनं पानी मारते तो आधी, मंग ओल्या धोतरातून दिवा दिसते तसं सगळं इकडल्या अंगाले उमटते. साफ दिसते, रानीच्या नाकातली चमकी बी दिसते. बाजूले आमची शेजारीण नूरबी बसते, तिनं बुरखा वर केला की माह्या कोपराले चिमटा घेते, म्हणजे खेळ सुरू. तर बेअब्रू कुठं झाली? एकाही मानसाची नजर नाही पडली. पाटलाच्या घरच्या दोघीजनी बी मागंच असतेत, नावं नाही सांगनार मी.

अन् सांगू का, सगळेच काही चांगले नसतेत. हत्तीचा खेळ ठीक हाय, पन हत्ती एकच आणला अन् त्यालेच दोन येळा फिरवला, त्याच्या कानाले फाटका कोपरा होता, मी ओळखला. तलवारीचा एक होता, त्यात काही अर्थ नाही, मारतेत अन् उठतेत, मारतेत अन् उठतेत, मेलेला एक तं शिंकला. एक डाकूचा होता, तो मले आवडला, डाकू आईले भ्यायचा. सगळ्यात आधी ते सरकारी दाखवतेत, लढाईचं, गोरे शिपाई ओळीनं चालून राह्यले, बंदुका, बोटी. तिथं मी पयल्यांदा पाह्यलं अन् नूरबीले म्हनलं, बाई, हे लोक डाव्या हातानं सलाम ठोकतेत. नूरबी म्हने, इलायतेची रीत असन. पन मंग आपल्याकडल्या खेळात बी तेच. राजा तलवार धरते डाव्या हातानं. भटजी अक्षता टाकते डाव्या हातानं, लग्नात, सांगा. लिहितेत डाव्या, आशीर्वाद देतेत डाव्या. मी तर म्हनते, मुंबईले हे सिनेमावाले डावखुरेच मानसं निवडून घेत असतीन, त्यायले तेच चांगले दिसत असतीन. काही का असेना, मी धंद्याचं पाहते. ती शिकलेली नायिका नाही का, घड्याळवाली, ती उजव्या हातात घड्याळ अन् एक रुंद बांगडी घालते, डावा हात भरलेला. मी इथल्या पोरीयले तसंच भरून देते आता — उजव्यात एक रुंद, डाव्यात बारा. पन्नास-साठ पोरी फिरून राह्यल्या गावात तशा. हातच्या काकनाले आरसा कशाले, बाजारात जाऊन पाहा.

दुसरा हात द्या. नाही दुखत, नाही दुखत, साबन लावला हाय.

आता तुमाले राग आला असन. लग्नाच्या बोलनीत तुमी भर बैठकीत म्हनलं होतं, आमच्या घरच्या सुना खेळ-तमाशे पाहत नसतेत. मले चांगलं आठवते, मी तवा दाराआड होती अन् भामीचे बाबा म्हनले, आमच्याकडं बी नाही पाहत. त्यायचं काही खोटं नव्हतं, त्यायले ठाऊकच नव्हतं. जेवले की घोरतेत, अन् घोरनं सुरू झालं की मी अन् भामी मागच्या दारानं — आता हे बी निघालं तोंडातून. हो, ती बी यायची. लग्नाआधी, मागच्या साली, चारही खेळ माह्यासंगं पाह्यले तिनं. पोरीचा दोष नाही, मीच न्यायची. अन् ती हसायची इहीनबाई, एवढी हसायची, पदराचा बोळा तोंडात कोंबायची तरी आवाज बाहीर. मानसायच्या अंगाले ऐकू जायचं. गफ्फारभाई एकदा मशीन थांबवून इचारे, मागं कोन लेकरू पडलं का म्हने.

सासूचा खेळ बी होता एक. त्यातली सासू — नाही, ते नाही सांगत. तशी नाही हो, तुमच्यासारखी नाही, ती तर सुनेले विहिरीत — जाऊ द्या म्हनलं ना. शेवटी सुधरते ती. मले नाही पटलं ते सुधरनं, पाच मिनिटात सुधरते. पन नूरबी रडली, तिची सासू अजून सुधरायची हाय.

तर मंग ऐका, आता झाकून काय उपयोग. माही कंबर नाही धरली. अजिबात नाही. काल मी दोन मन दळन पाखडलं. निरोप खोटा होता. तीन निरोप धाडले याच्या आधी, खरे खरे धाडले, लेकीले चार दिवस माहेरी धाडा म्हनून, एकाचंही उत्तर नाही आलं, मंग मी म्हनलं आता कंबर धरल्याबिगर इलाज नाही. काऊन धाडला ते सांगते. तंबू गुरुवारी उठनार हाय. अन् शेवटचा खेळ लागला हाय जावयाचा. मी तीनदा पाह्यला. एक जावई पयल्यांदा सासुरवाडीले येते. लाजाळू. सासू इचारते अजून वाढू का, तो म्हनते नको नको, अन् पोटात कावळे ओरडतेत. मंग दुपारी सगळे निजले की हा सैपाकघरात शिरते, शिंक्यावरचे लाडू काढते, तेवढ्यात सासूची चाहूल. कुठं लपवावं? पागोट्यात. पाच लाडू पागोट्यात. सासू म्हनते, जावईबापू, उकाडा हाय, पागोटं काढा. हा काढत नाही. सासरा म्हनते, काढा. हा म्हनते, आमच्या घरी काढत नाहीत. कपाळावर तूप वघळून राह्यलं, मुंग्या चढून राह्यल्या, हा टपली मारते सोताले. अन् मंग त्याले देवळात नेतेत. देवापुढं वाकला का एक लाडू घरंगळला. पुजारी पाहून राह्यला. परत वाकला, दुसरा. पुजारी ओरडते, देव पावला, अन् सगळं गाव येते, अन् ह्या बिचाऱ्याले पाचही लाडू संपेपर्यंत वाकाले लावते — मले सांगता बी येत नाही, पाहा, हसता हसता बांगडी वाढवून बसीन तुमच्या हातात.

मी तो पाह्यला अन् पयली आठवण भामीची आली. म्हनलं, ही पोरगी एकदा इथं बसली पाहिजे. काऊन, ते तुमाले मी काय सांगू. पौषात लेकरू झालं अन् सतराव्या दिवशी गेलं. माह्या घरी गेलं. पयलं बाळंतपण माहेरी, रीतच हाय, पन रीत असली म्हनून काय, ते माह्या मांडीवर गेलं. वैद्य आणला, अंगारा आणला, काही केलं नाही असं नाही. तुमी आल्या, लेकराले पाह्यलं, अन् काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं इहीनबाई. मले चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री निजली असती. अन् भामी तशीच. रडली नाही, बोलली नाही, सव्वा महिना खांबाले टेकून बसली, अन् तुमच्या गाडीत बसून गेली तवा माह्याकडं वळून बी पाह्यलं नाही. चार महिने झाले. मी म्हनलं, माह्या घरी तिचं हसनं बंद झालं तर माह्याच जवळ सुरू झालं पाहिजे. येवढंच होतं. ते जावयाचं, शेवटाले बायको त्याले आडोशाले नेते अन् एक लाडू देते, सहावा, म्हनते हा तरी सुखानं खा, अन् तो तिच्याकडं पाहत खाते, डाव्या हातानं, भरल्या तोंडानं हसत — तिथं भामी हसन अशी माही खात्री होती. म्हनून खोटं बोलली. आता काय शिक्षा द्यायची ते द्या, पन गुरुवारच्या आत तिले धाडा. पाया पडते तुमच्या.

— काय म्हनलं? उजव्या?

नाही हो, डाव्या. तीनदा पाह्यलं मी, माह्या डोळ्यापुढं हाय. लाडू डाव्या हातात अन् उजवा बायकोच्या खांद्यावर. उजव्या हातानं कसा खाईन, उजवा तर — थांबा. तुमाले काय ठाऊक तो कोन्या हातानं खाते? इकडं पाहा. पाहा माह्याकडं इहीनबाई. हात घामेजला तुमचा.

लोणारले होता ना हा तंबू, इथं यायच्या आधी. पंधरा दिवस होता. अन् तुमच्याकडं बायायची बाजू — पुढंच? मधात नुसता दोर? पडद्याच्या पुढं बसल्या तुमी? पुढून उजवा दिसते अन् मागून — अगं माय. म्हणजे तो राजा, तो भटजी, ते गोरे शिपाई — सगळे उजवेच? अन् माह्या साठ पोरी? साठ पोरीयच्या उलट्या हातात मी रुंद बांगडी चढवली, अन् पाटलाची सून तर ती घालून शेगावले जाऊन आली. बरं झालं, बरं झालं, कोनी सांगतलं नाही. कोनी सांगू बी नका. आता बदलायची नाही, सांगीन साखरखेर्ड्याची हीच तऱ्हा हाय.

अन् तुमी. भर बैठकीत म्हननाऱ्या तुमी. चोराच्या मनात चांदनं म्हनतेत ते असं, मी येवढी घाबरत घाबरत सांगून राह्यली अन् तुमी गुपचूप हात देऊन बसल्या. एकट्या गेल्त्या? नाही? मंग कोनासंगं — तुळशीराम? तेही नाहीत.

भामीले घेऊन.

तुमी घेऊन गेल्या तिले. सोता. घरी काय सांगतलं? देवळात आरतीले जातो म्हनून. अन् तुमच्या मालकायले अजून ठाऊक नाही. बरं. मंग — सांगा ना, मी काय इचारून राह्यली ते तुमाले समजते. हसली का?

केव्हा? पागोट्याले तूप आलं तवा? नाही, तवा नाही. दुसरा लाडू घरंगळला तवा. पयले तुमाले वाटलं ठसका लागला. मंग पदर कोंबला तोंडात — हो, तसंच करते ती, लहानपनापासून. मागचे लोक वळून पाहाले लागले. तुमाले राग नाही आला? तुमी बी हसल्या. दोघी. अन् मंग? मंग ती रडली. खेळ चालूच अन् तुमच्या मांडीवर डोकं घालून रडली. किती येळ? शेवटपर्यंत. तुमी तिच्या पाठीवर हात फिरवत बसल्या अन् पडदा पाहत राह्यल्या, म्हनून तुमाले लाडू उजव्या हातातला दिसला. तिनं नाही पाह्यला तो.

अन् आता बोलते? भाकरी करताना बोलते. लेकराचं नाव काढते कधी कधी. काय म्हनते? — नको, ते नका सांगू, ते तिनं तुमाले सांगतलं, तुमच्याजवळच ठेवा.

मले वाटलं होतं तुमी तिले माह्यावरच्या रागानं ठेवून घेतलं. चार महिने मी तुमाले मनातल्या मनात काय काय म्हनलं, ते देवालेच ठाऊक, अन् तुमी तिले दोराच्या कडेले बसवून — हा शेवटचा, थांबा, ही बांगडी घट्ट हाय, हळू. झाली. भरला हात.

नका धाडू तिले इहीनबाई. मी म्हनलं ते परत घेते. तिथं हसली, तिथं रडली, तर तिथंच राहू द्या, तिच्या मनात येईन तवा ती आपल्या पायानं येईन. मी येईन लोणारले, पोळ्याले, तिले चालत असन तर. इचारा तिले.

आता उठा. गाडीवाला हाका मारून राह्यला, दिवस असताना घाट उतरा, रातीचा मुक्काम वाटेत करा. चहा नाही झाला, माहीत हाय, पुढच्या येळेले. जा तुमी. मले पेटी आवरायची हाय.